दुपट्ट्याखालचा पासवर्ड

पासवर्ड टाकायची वेळ आली की सर खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून पुढे ओढून घेत, की-बोर्डसकट. सर्दी झालेला माणूस पातेल्यावर वाफ घेतो तसे ते आत दिसेनासे होत. आतून टकटक ऐकू येई, मग एक खोकला, मग "आं? काहून नाही घेत हे?" असं पुटपुटणं, मग पुन्हा टकटक. दुपट्ट्याखाली अंधार असल्यामुळे त्यांना स्वतःलाही अक्षरं दिसत नसत. तीन-चार खेपा झाल्यावर मशीन उघडलं की ते घामेजलेला चेहरा बाहेर काढत आणि आमच्याकडे संशयानं पाहून विचारत, "पाहिलं काय कोणी?"

कोणी पाहिलेलं नसे. आणि पाहून आम्ही करणार तरी काय होतो? आमच्यापैकी निम्म्यांना अजून माऊस सरळ धरता येत नव्हता.

उमरखेडच्या बसस्टँडसमोर एका कृषी केंद्राच्या माडीवर सरांचा कम्प्युटर क्लास होता. खाली बियाणं, खत आणि फवारणीची औषधं, वर आम्ही. जिना चढताना औषधांचा उग्र वास नाकात बसायचा आणि घरी गेल्यावरही केसांना यायचा. आई मला दारातच थांबवून म्हणायची, "आधी डोकं धू, मग घरात ये." ते दिवस कापसाचे फार वाईट होते. हंगामात खरेदी केंद्राबाहेर लागलेली गाड्यांची रांग थेट स्टँडापर्यंत यायची. माणसं गाड्यांखालीच जेवायची, गाड्यांखालीच झोपायची. मुंबई-दिल्लीचे लोक मोटारींतून येऊन आम्हाला पाहून जायचे. अशा दिवसांत, अशा गावात, सरांना एकच प्रश्न छळत होता: जगातल्या सगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमांमध्ये सर्वांत सुरक्षित कोणती?

माझे वडील कोर्टात नाझर होते. बारावीनंतर ते मला क्लासला घेऊन गेले, तेव्हा सरांनी ना फी सांगितली, ना वेळ. बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या कोर्टात कोणती सिस्टीम हाय जी?"

बाबांना वाटलं, कामकाजाबद्दल विचारताहेत. "दिवाणी," ते म्हणाले.

सर विचारात पडले. "हे नाव नवीनच आयकलं. कोणाची हाय? जर्मनीची?"

"इंग्रजांची," बाबा म्हणाले. "पण आता आपलीच म्हणायची."

"सुरक्षित हाय काय?"

"सुरक्षित आहे. पण फार हळू चालते."

"हळू चालणारी बरी," सर मान डोलवत म्हणाले आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. दोघंही एकमेकांवर खूश झाले. आपण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोललो हे त्यांना पुढे कधी कळलं असेल असं मला वाटत नाही. मीही सांगितलं नाही.

सर आधी पाटबंधारे खात्यात लिपिक होते. खात्यात पहिला कम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी तो कपाटासारखा कुलूप लावून ठेवला होता, आणि किल्ली सरांकडे होती. तिथूनच त्यांना हा नाद लागला असावा. त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली, फंडाच्या पैशांत डझनभर जुनी मशीनं आणली आणि क्लास थाटला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळा, आणि फळ्यावर कायमचं लिहिलेलं एक वाक्य: "मालक म्हणून बसू नये. पाहुणा म्हणून बसावे." पहिल्या दिवशी मला ते धर्माचं वचन वाटलं. ते लिनक्सचं होतं. त्या सिस्टीममध्ये सगळे अधिकार असलेला एक वापरकर्ता असतो. त्या नावानं रोज मशीनवर बसू नये, साध्या नावानं बसावं, म्हणजे चूक झाली तरी ती आपल्या खोलीपुरतीच राहते, असा त्याचा अर्थ.

"ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?" ते नव्या बॅचला विचारत आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगत, "मशीन म्हंजे नुसतं घर. त्याच्यात कोण कोठी बसन, कोण कोणती खोली उघडन, चुलीपाशी कोण जाईन, हे ठरवणारी जे घरची बाई असते ना, ते ऑपरेटिंग सिस्टीम." मग तुलना सुरू होई. विंडोजवाली बाई आल्यागेल्याला चहा देणारी. तिच्याकडे राबता फार, त्यामुळे चोर कधी पाहुणा बनून आत येतो ते तिला कळत नाही. लिनक्सवाली बाई दारातच विचारते, कोण तुम्ही, काय काम, कोणी पाठवलं. माणूस कंटाळून परत जातो. "आन् मॅक?" असं कोणी विचारलं की सरांचा आवाज बदलायचा. मॅक त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, नागपूरच्या एका छापखान्यात, काचेपलीकडून. "एसीत ठेवलं होतं तिले," ते हळू आवाजात सांगत, "मी बाहेरच चपला काढून उभा राह्यलो. कोणी काढाले सांगतलं नव्हतं. पाय आपोआप निंगाले."

पण ते आंधळे भक्त नव्हते. आमच्यातल्या एकानं एकदा फुशारकीनं म्हटलं, "सर, लिनक्सले व्हायरस येतच नाही. विंडोज भंगार हाय." सरांनी त्याला उभं केलं.

"खिसे कोठी कापले जाते? उमरखेडच्या स्टँडावर का जंगलातल्या फाट्यावर?"

"स्टँडावर, सर."

"मंग फाट्यावरचे लोक काय साधू झाले? तिथं खिसाच कोणाचा नाही बापा. ज्या दिवशी सारं जग फाट्यावर येऊन उभं राहीन, त्या दिवशी तिथंही ब्लेडवाला येईन. बस खाली."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ग्रामीण रुग्णालयात नर्स होत्या. ड्यूटी संपली की पांढऱ्या साडीतच क्लासला येत, जिन्यात थांबून दम खात आणि वर येऊन सरांच्या सगळ्या सिद्धांतांची तब्येत तपासत. नवे पेनड्राइव्ह तेव्हा गावात नुकते दिसायला लागले होते. ज्याच्याकडे तो असे तो त्याला गळ्यात ताईत घातल्यासारखा मिरवी. सरही सुरुवातीला एकच पेनड्राइव्ह घेऊन या मशीनमधून त्या मशीनमध्ये फायली नेत. काकूंनी ते एकदा पाहिलं आणि त्या दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय करून राह्यले तुम्ही? एकच सुई साऱ्याईले टोचून राह्यले?"

सरांचा हात हवेत राहिला. त्या दिवसापासून जिन्याच्या तोंडाशी चपलांच्या शेजारी एक बुटाचं खोकं आलं. चपला खाली, पेनड्राइव्ह खोक्यात, मग वर यायचं. सर स्वतः प्रत्येकाची झडती घेत. मुलींची झडती काकू नसल्या तर तोंडी होई. "शप्पथ घे," ते म्हणत. आम्ही शपथ घेत असू.

ही शिस्त मोठ्यांनाही चुकली नाही. कापसाच्या गाड्यांचे फोटो काढायला आलेला एक शहरी वार्ताहर एकदा धावतपळत वर आला. त्याला फोटो लगेच पाठवायचे होते आणि गावात इंटरनेट म्हणजे खालच्या दुकानाच्या फोनची लाइन जोडलेला सरांचा एकुलता एक कम्प्युटर. सरांनी त्याचा पेनड्राइव्ह चिमटीत धरला, लिनक्सच्या मशीनला लावला आणि पडद्यावर काहीतरी पाहत बसले. वार्ताहर घड्याळ पाहायला लागला.

"सापडल्या," सर म्हणाले. "चार अळ्या हाय याच्यात."

"सर, प्लीज, डेडलाइन आहे माझी."

"तुम्ही आमच्या कापसावरच्या अळ्याईचे फोटो काढता, आन् आमच्या मशीनीत तुमच्या अळ्या सोडता. बसा. साफ करून देतो." त्यांनी साफ करून दिला, फोटो पाठवून दिले, वर त्याला चहा पाजला. वार्ताहरानं जाताना विचारलं की कापूस संकटावर तुमचं काय मत आहे. सर म्हणाले, "पहिले पासवर्ड बदला तुमचा. तुमच्या बायकोचं नाव हाय ना?" तो माणूस जिन्यावर अडखळला.

लिनक्सच्या सीड्या सरांना परदेशातून टपालानं फुकट यायच्या. एक मागितली तर ते लोक गठ्ठा पाठवत. पोस्टमन दर वेळी विचारायचा, "फुकट काहून देते जी हे लोक? काही धरमाचं हाय काय?" सर सगळ्या गावाला त्या वाटायचे. ज्यांच्या घरी कम्प्युटर नव्हता त्यांनाही. उरलेल्या सीड्या काकूंनी दोरे बांधून अंगणातल्या पेरूच्या झाडाला टांगल्या. ऊन पडलं की त्या अशा चमकत की पोपट पेरूकडे फिरकत नसत. "पाहा," काकू म्हणत, "तुमची सुरक्षा चालून राह्यली."

कापसाचं दुसरं वर्ष तसंच गेलं तेव्हा क्लासमधल्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. मग सरांनी ती प्रसिद्ध स्पर्धा काढली. स्टँडावर फलक लागला: "फोडा! तीनपैकी एक तरी कम्प्युटर फोडून दाखवा आणि संपूर्ण कोर्स फुकट शिका." एका मशीनवर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स, तिसऱ्यावर जुनं डॉस, ज्याचा पडदा नुसता काळा. कोणती सिस्टीम जास्त टिकते ते गावासमोर सिद्ध करायचं होतं.

सर्वांत आधी आला तो शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री. हातात घण. "कोणता फोडू?" त्यानं विचारलं. सर दोन्ही हात पसरून मशीनांपुढे उभे राहिले. "अरे बापा, पासवर्ड फोडाचा हाय!" "थो कोठी असते?" मिस्त्रीनं विचारलं, आणि असा फोडता न येणारा पदार्थ असतो हे कळल्यावर तो नाराज होऊन गेला. मग कॉलेजची पोरं आली. विंडोजवालं मशीन दुपारपर्यंत पडलं. कोणीतरी पासवर्ड म्हणून सरांच्या गावाचं नाव टाकून पाहिलं होतं. काळ्या पडद्यापुढे लोक बसत, काही टाइप करत, काहीच घडत नसे, मग उठून जात. लिनक्स मात्र संध्याकाळपर्यंत उभं होतं. सर दुपट्टा झटकत येरझारा घालत होते. चेहऱ्यावर तेज आलं होतं.

तेवढ्यात खालच्या दुकानाच्या फोनवर काकूंचा फोन आला. सर खाली गेले. आम्ही जिन्यातून ऐकत होतो.

"अहो, त्या दुसऱ्या मशीनीचा पासवर्ड काय ठेवला तुम्ही?"

"काहून?"

"इथं एक जण विचारून राह्यला. मी म्हटलं, मले मालूम नाही, यायले विचारून सांगतो."

आणि सरांनी सांगितला. एकेक अक्षर, सावकाश, मोठ्यानं, कारण लाइनमध्ये खरखर होती. काकू समोरच्या पीसीओमधून बोलत होत्या आणि त्यांच्याभोवती आमची निम्मी बॅच कागद-पेन घेऊन उभी होती.

खाली दुकानदाराला लिनक्सचं कौतुक सांगून सर वर आले तेव्हा लिनक्स उघडं होतं आणि काकू त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. आम्हाला वाटलं, आता रागावतील. ते फळ्यापाशी गेले आणि त्यांनी निकाल लिहिला. विंडोज: कुलूप कमजोर. लिनक्स: कुलूप मजबूत, मालक कमजोर. डॉस: घरात कोणी जात नाही, म्हणून चोरी नाही. मग मागे वळून म्हणाले, "बक्षीस कोणाले? हिले?"

"कोर्स नोको मले," काकू म्हणाल्या. "नांदेडले लेकीकडे चाला. तिचे दिवस भरत आले. तुम्ही या खोक्यायतून उठतच नाही."

सर गेले नाहीत. बॅचची परीक्षा तोंडावर होती. काकू एकट्याच गेल्या आणि नातीचा जन्म झाल्यावर परत आल्या.

परीक्षा होती ती सरकारी नोकरीच्या अर्जाला लागणाऱ्या कम्प्युटर प्रमाणपत्राची. आमच्या बॅचमध्ये त्याची सर्वांत जास्त गरज होती ती वंदनाताईंना. त्या फुलसावंगीहून यायच्या, अंगणवाडीत सेविका होत्या आणि पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करणार होत्या. घरचा कापूस केंद्रावरच्या रांगेत उभा, नवरा गाडीपाशी, आणि या एसटीनं येऊन टायपिंग करायच्या. येताना रांगेत नवऱ्याला डबा देऊन मग क्लासला. अर्जाची मुदत परीक्षेनंतर लगेच संपत होती. ही परीक्षा हुकली तर जागा गेली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही मशीनं सुरू केली आणि प्रत्येक पडद्यावर एकच तमाशा दिसला. जिथं फोल्डर असायला हवं तिथं त्याच नावाचं दुसरंच काहीतरी बसलेलं. उघडायला जावं तर मशीन गोठे. परीक्षेचा प्रोग्राम विंडोजवरच चालायचा आणि तो सुरू व्हायलाच तयार नव्हता. यवतमाळहून आलेले निरीक्षक साहेब खुर्चीत बसून रुमालानं वारा घेत होते. त्यांना चारची गाडी पकडायची होती.

"काय भानगड आहे?" त्यांनी विचारलं.

सर एका मशीनपासून दुसऱ्याकडे फिरले. वाकून पाहिलं, मान हलवली. मग म्हणाले, "व्हायरस हाय साहेब. साऱ्यात."

"मग पुढची तारीख घेऊ."

मागून वंदनाताईंचा आवाज आला, "साहेब, पुढची तारीख मले नाही चालत."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "घरी जा. काकूले सांग, पेरूचं झाड उतरव."

मी बाबांची लूना घेऊन गेले. काकू काठीनं सीड्या पाडत होत्या आणि मी ओच्यात झेलत होते. काहींवर पाखरांची घाण होती, काहींवर पेरूचा चीक. आम्ही त्या बंबातल्या गरम पाण्यानं धुतल्या. क्लासवर पोचले तोवर सरांनी फळ्यावर आज्ञा लिहून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक जण आपापल्या मशीनपुढे बसला होता. युक्ती साधी होती. सीडीवरून मशीन सुरू केलं की विंडोज झोपलेलं राहतं आणि लिनक्स जागं होतं. हा व्हायरस लिनक्समध्ये हातपाय हलवू शकत नाही. तेवढ्यात त्याला धरून बाहेर काढायचा.

"साऱ्यायनं एकदम दाबायचं," सर फळ्यावर पट्टी आपटत म्हणाले. "स्पेलिंग चुकवू नोका. चुकलं त घर साफ कराच्या ऐवजी पाडसान!"

माऊस नीट न धरणारी माणसं त्या दिवशी काळ्या पडद्यावर एकेक अक्षर टाइप करत होती. वंदनाताई ओठ हलवत, अंगणवाडीत बाराखडी म्हणतात तशा लयीत. उन्हानं तडकलेल्या दोन सीड्या चालल्या नाहीत. त्या मशीनांसाठी शेजारच्यांच्या सीड्या फिरवल्या. एकेक मशीन सुधारत गेलं. शेवटचं मशीन राहिलं ते सरांचं स्वतःचं, शिकवायचं. ते सर्वांना वायरनं जोडलेलं होतं. सर त्यापुढे बसले आणि एकेका फायलीची वेळ पाहत गेले.

मग दुपट्ट्यानं तोंड पुसून उभे राहिले.

"कोणी आणला थो मालूम पडलं," ते म्हणाले.

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटलं, आपणच असू.

"मी आणला. काल संध्याकाळी. जावयानं नातीचे फोटो पाठवले होते पेनड्राइव्हमधी. खोक्यात ठेवाले पायजे होता. नाही ठेवला. म्हटलं, माह्या घरचा हाय, याले काय होते." ते थांबले. "लई गोड हाय पोरगी. नाक आमच्या हिच्यासारखं हाय."

कोणाला हसावं की काय करावं कळेना. काकू माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्या दारात उभ्या राहून फक्त म्हणाल्या, "मले दाखवले नाही तुम्ही."

मग वीज गेली. भारनियमनाची वेळ झाली होती. खालच्या दुकानदारानं मंडपवाल्याचा जनरेटर आणून जिन्याखाली लावला आणि औषधांच्या वासात डिझेलचा वास मिसळून आम्ही परीक्षा दिली. सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. साहेबांची चारची गाडी गेली, पण त्यांना घाई राहिली नव्हती. काकूंनी त्यांना तिखट शेव घातलेला मुरमुऱ्यांचा चिवडा आणि दोन वेळा चहा दिला होता. ते प्रसन्न होते.

"अहवालात उशिराचं कारण लिहावं लागतं," ते पेन काढत म्हणाले. "वीज नव्हती असं लिहितो. जिल्ह्यात सगळीकडे तेच आहे. कोणी विचारणार नाही."

"वीज बाराले गेली साहेब," सर म्हणाले. "परीक्षा दहाची होती."

"असू द्या हो. मध्ये दोन तास काय गेलं होतं असं कोण विचारतो?"

"मी सांगतो ना काय गेलं होतं. माही अक्कल गेली होती. तसं लिहा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सर, तुमच्या केंद्राची मान्यता जाईल. सेंटरचालकाचा निष्काळजीपणा म्हणजे वर्षभर परीक्षा बंद. कशाला उगाच?"

"तुम्ही वीज लिहिली त लोक इन्व्हर्टर घेतीन. पेनड्राइव्ह तसाच घालतीन. उद्या पुसदले हेच होईन, परवा महागावले. मंग तिथल्या पोरायची नोकरी जाईन." सर बोलता बोलता फळ्यावरच्या आज्ञा पुसत होते. "लिनक्स मले कायले आवडते मालूम हाय काय साहेब? त्याच्यात चुका नाही असं नाही. लई हाय. पण ते लोक चूक सापडली का चारचौघात सांगते. आज सांगते, उद्या दुरुस्त करते. लपवलेली चूक मोठी होते. मी इतके वर्स पोरायले हेच शिकवलं. आता माही पाळी आली त वीज गेली म्हणू?"

साहेब काकूंकडे वळले. त्यांना वाटलं असावं, बाई तरी समजावेल. काकू कपबशा गोळा करत होत्या. "लिहा साहेब," त्या म्हणाल्या. "यायनं एकदा तोंड उघडलं का मी थांबवत नाही. लई दिवसांनी खरं बोलले."

साहेबांनी लिहिलं. लिहिताना दोनदा वर पाहिलं, सर मन बदलतात का म्हणून.

मान्यता गेली. सरांनी त्यावर एवढंच केलं की जिल्ह्यातल्या ज्या ज्या कम्प्युटर केंद्राचा पत्ता मिळाला त्यांना पोस्टकार्ड टाकलं: माझ्या केंद्रात, माझ्याच हातानं, अमुक नावाचा व्हायरस आला, अशी अशी त्याची खूण, असा असा काढावा. उघडं पोस्टकार्ड असल्यामुळे ते वाटेत सर्वांनी वाचलं. एका तालुक्याच्या गावी पोस्टमननं ते चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि लोकांना वाटलं, सरांना काहीतरी आजार झाला आहे. दोघे-तिघे फळं घेऊन भेटायला आले. एका केंद्रचालकानं उलट टपाली कळवलं की तुम्ही आपल्या धंद्याची बदनामी करत आहात. पण त्याच आठवड्यात खालच्या दुकानात फोन यायला लागले. कोणी नाव सांगत नसे. "तुमच्या त्या कार्डावरची खूण आमच्याकडे दिसून राह्यली. आम्ही कोण ते विचारू नका." सर विचारत नसत. दुकानात उभ्या उभ्या, बियाण्याच्या पिशवीवर कोपर टेकून, आज्ञा सांगत. गिऱ्हाइकं थांबून ऐकत. एका शेतकऱ्यानं ती आज्ञा कापसावरच्या अळीसाठी आहे असं समजून पाठही केली होती.

वंदनाताई पास झाल्या. पर्यवेक्षिका झाल्यावर त्या पेढे घेऊन आल्या, तेव्हा क्लासमध्ये फक्त सर होते. नातीचे फोटो सगळ्या मशीनांवर एकाच वेळी लावून एकटेच पाहत बसले होते.

मी पुढे यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात, औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात नोकरीला लागले. कम्प्युटरचं सगळं माझ्याकडे होतं. एकदा मालकांनी नवीन मशीनं घ्यायचं ठरवलं आणि मला विचारलं, कोणती सिस्टीम टाकायची, सर्वांत सुरक्षित कोणती ते सांगा. मी सरांना फोन केला. मला वाटलं, तासभर तुलना ऐकायला मिळेल. वही उघडून बसले.

"तिथं कोण कोण बसते?" सरांनी विचारलं.

मी सांगायला लागले. हिशोबाच्या बाई, गोदामाचे दोघं, मॅनेजर.

"मॅनेजर कसा हाय?"

"कडक आहेत. कोणाची चूक झाली की सगळ्यांसमोर झापतात."

"त्याची सोताची झाली त?"

मी आठवून पाहिलं. मॅनेजरची चूक झालेली मला कधी कळलीच नव्हती.

"मंग तुह्या हापिसात व्हायरस हाय," सर म्हणाले. "सिस्टीम कोणतीही टाक. तुले जे जमते ते टाक. पण पहिले त्या मॅनेजरले चहा पाज. त्याले सांग का तुह्याकडूनही चुका होते. दोन-चार सांग. नसतीन त बनव." मागून लहान मुलीचा आवाज आला, सर म्हणाले, "थांब माय, आलो," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांना कँटीनमध्ये चहाला बोलावलं. त्यांना आश्चर्य वाटलं, पण आले. मी माझ्या चुका सांगायला सुरुवात केली. एकदा महिन्याच्या फायली पुसून टाकल्या होत्या त्या सांगितल्या, पासवर्ड टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला होता तेही सांगितलं. एक-दोन सरांच्या सल्ल्याप्रमाणे बनवल्या. मॅनेजर बशीत चहा ओतून ऐकत होते. मग त्यांनी बशी खाली ठेवली, कँटीनमध्ये मागे-पुढे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मागच्या महिन्यात मले एक मेल आलता. लॉटरी लागली म्हणे."